मुक्याला वाचा फुटते तेव्हा

चेतनगुणोक्ती हा शब्द आपण शाळेत परीक्षेपुरता पाठ करतो. अचेतनाला सचेतन मानणे, ही व्याख्या. उदाहरणाला हसणारी फुले नि डोलणारी शेते. पण कथा सांगणाऱ्या कवितेत, म्हणजे आख्यानात किंवा पोवाड्यात, या अलंकाराचे काम निव्वळ शोभेचे नाही. तिथं तो नवे पात्रच उभे करतो.

शाहीर तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा घ्या. 1670 चा फेब्रुवारी, आणि तानाजी मालुसरे कड्याखाली उभा. शाहीर त्याला घोरपड देतो. ती अर्धा कडा चढते आणि माघारी वळते. तानाजीचे आयुष्य सरले, हे तिला उमगले आहे. इतिहासकार म्हणतील, घोरपडीला पुरावा काय? मास्तर म्हणतील, घोरपड मुळातच सजीव, मग हा अलंकार कसा? दोघांचेही बरोबर. पण मुक्या जनावराला माणसाचे मन दिल्याने काय झाले, ते पाहा. मरण जवळ आले असे शाहिराने स्वतः सांगितले असते, तर ती नुसती बातमी झाली असती. घोरपड वळली, म्हणून ते तानाजीलाही कळले. परतायची वाट अजून मोकळी आहे. आणि हा गडी परतण्याऐवजी घोरपडीलाच दम भरतो, की तुझे तुकडे करून भाकरीबरोबर खाईन! ऐकणाऱ्याला हसू येते, आणि हसता हसता लक्षात येते, की हा जाणूनबुजून मरणाला सामोरा चालला आहे.

महाभारतातल्या नळाच्या कथेत द्वापर फाशांत शिरतो. मग ते फासे राहत नाहीत, वैरी होतात. वाल्मीकींचा राम कदंबाला, बेलाला, अशोकाला सीतेचा ठाव विचारतो. झाडे उत्तर देत नाहीत, आणि त्या न बोलण्यानेच रामाचे एकटेपण अंगावर येते. वडूजच्या शेजारचा माणदेश हा ग. दि. माडगूळकरांचा मुलूख. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या त्यांच्या ‘गीतरामायणा’त नावाडी नावेची विनवणी करतात, की परत फिरू नकोस. म्हणजे नावेलाही मागे वळावेसे वाटते आहे, अगदी त्या घोरपडीसारखे.

आता वडूजचीच गोष्ट. 9 सप्टेंबर 1942 रोजी इथल्या मामलेदार कचेरीवर गेलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. हा प्रसंग पोवाड्यात गाताना शाहिराने कुणाला बोलते करावे? माझ्या मते झेंड्याला जरूर करावे. पडत्या हातातून दुसरा हात शोधणारा झेंडा आला, की तो धरायला पुढे होणाऱ्याचे धैर्य दिसते. गोळीला मात्र मन देऊ नये. ‘गोळी भुकेली होती’, ‘काळाने झडप घातली’ असे म्हटले, की बंदूक जणू आपोआप उडाली! हुकूम देणारा आणि चाप ओढणारा, दोघेही कवितेतून सटकतात. तानाजीचा निर्णय घोरपडीमुळे उजेडात आला. इथं भुकेल्या गोळीआड माणसाचा निर्णय झाकला जातो.

राहिली गावची येरळा. तिला रडवण्याचा मोह शाहिराला होणारच. पण उन्हाळ्यात ही नदी कोरडी पडते, हे गावकऱ्यांना ठाऊक असते. त्यापेक्षा रामापुढच्या त्या झाडांसारखी ती गप्प उभी राहिलेली बरी.