हॅशपुढचा आकडा

हार्डवेअरची भाषा शिकताना बहुतेकांच्या हातून एक चूक होतेच. दिवा लुकलुकवायचा असतो. व्हेरिलॉगमध्ये हॅश टाकून पुढे किती वेळ थांबायचं तो आकडा लिहिला, सिग्नल उलटा केला, की सिम्युलेटरवर लाटा आखल्यासारख्या दिसतात. तोच कोड एफपीजीएसाठी, म्हणजे हवं ते सर्किट बसवता येणाऱ्या चिपसाठी दिला, की कोडवरून सर्किट बांधणारी काही सिंथेसिस टूल्स अडून बसतात, तर काही आकडा गाळून, एक वॉर्निंग देऊन पुढे जातात. वॉर्निंगा कोण वाचतं!

नवशिक्याला हसण्यात अर्थ नाही. या भाषा मुळात चिप घडवण्यासाठी जन्मल्याच नव्हत्या. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८३ साली इंटरमेट्रिक्स, आयबीएम आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांच्याकडे व्हीएचडीएलचं काम सोपवलं, ते पुरवठादारांच्या चिप नेमक्या कशा वागतात हे लिहून ठेवता यावं म्हणून. चिप वागते कशी यात उत्तर कधी येतं हेही आलंच. म्हणून त्या भाषेत विलंबाचे दोन प्रकार आहेत. इनर्शियल विलंब आळशी गेटचा, क्षणभराची टिचकी त्याला जाणवतच नाही. ट्रान्सपोर्ट विलंब तारेचा, आलेलं सगळं जसंच्या तसं पुढे ढकलणारा. त्याच सुमारास गेटवे कंपनीत फिल मूर्बी आणि प्रभू गोयल यांनी घडवलेलं व्हेरिलॉगही आधी सिम्युलेशनचंच होतं.

सिंथेसिस रुळलं ते नंतर. त्याने भाषा तयार उचलली आणि जे बांधता येईना ते सोडून दिलं. नेमके दहा नॅनोसेकंद थांबणारं गेट एफपीजीएत कुठून आणणार? तिथला विलंब तारेच्या वाटेवर, तापमानावर, व्होल्टेजवर ठरतो. इन्व्हर्टरांची साखळी लावून चलाखी करावी, तर टूल त्या जोड्या निरुपयोगी समजून उडवून टाकतं.

मला यातली गंमत पुढच्या वळणावर वाटते. रचना आणि तारजोडणी झाल्यावर प्रत्येक वाटेचा अंदाजे विलंब एसडीएफ फाइलमधून सिम्युलेशनमध्ये परत आणता येतो. म्हणजे हाकललेला आकडा परत आला, पण दिशा उलटी. आधी तो हुकूम होता, आता अहवाल. पुढे मोठ्या डिझाइनना हे सिम्युलेशन फार रेंगाळू लागलं आणि बहुतेक भार स्टॅटिक टायमिंग ॲनालिसिसने उचलला. त्यात लाटा नाहीत. सर्वांत लांबची वाट क्लॉकच्या एका आवर्तनात बसते का, हा मुख्य हिशेब.

आता चिपमध्ये थांबायचं म्हणजे मोजायचं. ५० मेगाहर्ट्झचा क्लॉक असेल तर एका सेकंदाला पाच कोटी ठोके, म्हणजे २६ बिटांचा काउंटर. जुनेजाणते अजूनही नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंटमध्ये 'हॅश एक' घालतात. लाटा वाचायला बऱ्या पडतात म्हणे. आणि डिझाइन तपासणाऱ्या, चिपमध्ये कधीच न जाणाऱ्या टेस्टबेंचमध्ये तर हॅश हक्काने नांदतो. तिथला क्लॉक त्याच्याच जोरावर चालतो.