डीप पर्पल: माणसं बदलली, बँड चालू राहिला

भाचा सध्या गिटार शिकतोय. परवा त्याने डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात वाजवली आणि विचारलं, "मामा, मूळ गिटारिस्ट अजून बँडमध्ये आहे का?"

नाही रे! रिची ब्लॅकमोर 1975 मध्ये गेला, 1984 ला परतला, 1993 मध्ये कायमचा बाहेर पडला.

1968 मध्ये इंग्लंडात बँड सुरू झाला. पुढच्याच वर्षी गायक आणि बेसवाला बदलून इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले. चाहते या संचाला 'मार्क टू' म्हणतात. डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोत फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कॅसिनो जळाला. 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं त्याच आगीवरचं.

गिटार शिकणाऱ्यांनो, ती धून पिकने नाही, दोन तारा बोटांनी एकदम छेडून वाजवा. ब्लॅकमोर तशीच वाजवायचा. आणि जोडीला जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन ऐका, निम्मा दणका त्याचाच आहे.

1973 मध्ये गिलन-ग्लोव्हर गेले, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले. 'बर्न' त्यांचाच अल्बम. माझ्या मते फार कमी लेखला गेलेला. 1976 मध्ये बँड फुटला, 1984 मध्ये 'मार्क टू' पुन्हा जमलं. नंतरही ये-जा सुरूच. गिटारवर स्टीव्ह मोर्स बरीच वर्षं होता, 2022 पासून सायमन मॅकब्राइड आहे.

पहिल्या दिवसापासून प्रत्येक संचात आहे तो एकच, ड्रमर इयन पेस.

तुमचा आवडता संच कोणता? काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.