आकाशातून आपले गाव

तुमचे घर कुठे आहे असे कोणी विचारले, तर तुम्ही काय सांगता? ‘दूध बाजारातून आत या. पानाची टपरी लागली की उजवीकडे वळा. मशिदीच्या मागची दुसरी गल्ली.’ एवढ्या पत्त्यावर पाहुणा बरोबर दारात येतो. पण तोच पाहुणा विमानातून आला आणि त्याने वरून विचारले, ‘तुमचे घर कोणते?’ तर? वरून टपरी दिसत नाही. गल्लीसुद्धा दिसत नाही. मग आपले गाव ओळखायचे कसे?

हा प्रश्न मला एकदा संगणकासमोर बसल्यावर पडला. त्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर होता. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर बसून विमान चालवण्याचा सराव करण्याचे साधन. याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या वडिलांचा वाद्ये बनवण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांत हवेचे भाते असत. १९२९ साली लिंक यांनी तशाच भात्यांवर लाकडाचे एक लहान विमान बसवले. भात्यांत हवा भरली की ते विमान खऱ्यासारखे कलत असे. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिकांनी अशा यंत्रावर सराव केला. पुढे १९८२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीचा फ्लाइट सिम्युलेटर आला आणि घरच्या संगणकावरही विमान उडू लागले. आज फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर तर फुकट मिळतो. त्यात जगातील खरे डोंगर, खऱ्या नद्या आणि खरे विमानतळ असतात.

मी ओझरचा विमानतळ निवडला. हा विमानतळ नाशिकच्या ईशान्येला आहे. लहान विमान घेतले आणि उड्डाण केले. मनात एकच इच्छा होती : आपले घर वरून पाहावे. पण पाच मिनिटांतच मी हरवले! खाली शेते, रस्ते आणि घरांचे ठिपके होते. सगळे सारखेच दिसत होते. घर शोधण्यासाठी मी इकडे वळले, तिकडे वळले. पंधरा-वीस मिनिटे अशीच भटकत राहिले. अखेर समोर एक मोठा डोंगर आला आणि माझे विमान त्यावर आदळले. नकाशा उघडून पाहिला, तर तो अंजनेरीचा डोंगर होता. ज्या शहरात मी लहानाची मोठी झाले, त्या शहराची वाट मला सापडली नाही! विमान खोटे होते म्हणून बरे. पण लाज मात्र खरी वाटली.

माझे काय चुकले? तीन गोष्टी चुकल्या. त्या समजून घ्या, म्हणजे तुमचे विमान आदळणार नाही.

पहिली चूक उंचीची. विमानात उंची दाखवणारा काटा असतो. ओझरला विमान जमिनीवर उभे असतानाच तो काटा १,९०० फुटांच्या पुढे होता. मला वाटले, काटा बिघडला आहे. पण तो बरोबर होता. हा काटा जमिनीपासूनची उंची दाखवत नाही, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. आपले नाशिक सह्याद्रीच्या वर, पठारावर वसलेले आहे. म्हणून काट्यावर ३,००० फूट दिसले, तरी विमान जमिनीपासून हजार-अकराशे फुटांवरच होते. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी हे डोंगर तर ४,००० फुटांहून उंच आहेत. मग टक्कर होणार नाही तर काय?

दुसरी चूक शोधण्याची. मी लहान वस्तू आधी शोधत होते. आकाशातून उलटे करावे लागते. आधी मोठ्या खुणा शोधायच्या : नदी, धरण, डोंगर, महामार्ग, लोहमार्ग. त्यांच्या आधाराने लहान खुणांकडे यायचे. जुने वैमानिक असेच करत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपालाचे विमान आणले. त्यांच्याजवळ वाट दाखवणारा रेडिओ नव्हता. होकायंत्र, नकाशा आणि खालची जमीन हेच त्यांचे वाटाडे होते.

तिसरी चूक दिशेची. आपल्या वर्गातील नकाशात उत्तर दिशा नेहमी वर असते. विमानात तसे नसते. विमानाचे तोंड जिकडे असेल, ती दिशा समोर असते. दक्षिणेकडे निघालात, तर पूर्व डाव्या हाताला येते आणि सगळे गाव उलटे वाटते. पण घाबरू नका. इसवी सन ११५४ मध्ये अल-इद्रीसी या भूगोलतज्ज्ञाने सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा तयार केला. त्या नकाशात दक्षिण दिशाच वर होती! म्हणजे वरची बाजू ही माणसाने ठरवलेली असते. खऱ्या दिशा होकायंत्राला विचाराव्यात.

आता माझ्याबरोबर पुन्हा उड्डाण करा. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. आपण पश्चिमेकडे तोंड करून उडू. काट्यावर ४,००० फूट होऊ द्या. मग डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे वळा. थोड्याच वेळात एक रुंद रस्ता दिसेल. हा मुंबई-आग्रा महामार्ग. उजवीकडे वळा आणि त्याच्या वरून नैर्ऋत्येकडे चला. आता दोन डोंगर शोधा. उजव्या हाताला म्हसरूळजवळचा चांभारलेण्यांचा डोंगर आहे. समोर दूरवर त्रिरश्मी डोंगर आहे. त्याच्या पोटात पांडवलेणी आहेत. या दोन डोंगरांच्या मध्ये नाशिक शहर वसले आहे. दोन खुंट्यांना दोरी बांधावी, तसे हे दोन डोंगर लक्षात ठेवा.

पुढे गोदावरी येईल. ती पश्चिमेकडून, गंगापूर धरणाकडून येते आणि रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. हे वळण हीच आपली सर्वांत मोठी खूण. नदी वाहते त्या दिशेला तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हाताला पंचवटी आणि उजव्या हाताला जुने नाशिक. वळणाच्या पलीकडे दाट घरे दिसतात ना? तिथेच दूध बाजार, चौक मंडई आणि आपली बडी दर्गा आहे. आपले विमान तासाला सुमारे २०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ओझर ते जुने नाशिक हे अंतर सहा मिनिटांत संपते. जुने नाशिक तर अर्ध्या मिनिटात मागे पडते. म्हणून खुणा आधीच पाठ करून निघावे.

मी हे उड्डाण वर्गात मुलांना दाखवले. नदीचे वळण येताच सगळे ओरडले, ‘आले, आले!’ पण एक मुलगी गप्प होती. ती म्हणाली, ‘टीचर, नदी आहे, डोंगर आहे. पण आमची मशीद कुठे आहे? इथे तर भलतीच घरे आहेत.’

तिचे म्हणणे खरे होते. सिम्युलेटरमधील डोंगर मोजमापावरून तयार करतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के जमिनीची उंची रडारने मोजली. अशा मोजमापांमुळे अंजनेरी जागच्या जागी दिसतो. पण प्रत्येक गावातील प्रत्येक इमारत कोण मोजणार? जिथे माहिती नसते, तिथे संगणक आपल्या मनाने साधी, एकसारखी घरे उभी करतो. आपला मोहल्ला तिथे नाही, असा याचा अर्थ नाही. त्याची माहिती अजून कोणी लिहिलेली नाही, एवढाच अर्थ आहे.

ही माहिती कोण लिहू शकतो? तुम्ही! ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जगाचा एक नकाशा २००४ साली सुरू झाला. तो सामान्य माणसांनीच तयार केला आहे. आपली गल्ली, शाळा, दवाखाना, मशीद त्यात कोणीही नोंदवू शकतो. अनेक सिम्युलेटर याच नकाशाचा उपयोग करतात. नोंद मात्र अचूक हवी. चुकीची नोंद उद्या एखाद्या रुग्णवाहिकेला चुकीच्या गल्लीत नेईल. त्या मुलीने वर्गासमोर फळ्यावर आपल्या मोहल्ल्याचा नकाशा काढला. उपग्रहाला जे माहीत नव्हते, ते तिला माहीत होते, कारण ती तिथून रोज चालत येते.

मित्रांनो, उर्दूत आपण ज्याला ‘नक्शा’ म्हणतो, तोच मराठीत ‘नकाशा’ झाला आहे. शब्द तुमच्या घरातलाच आहे, आता वस्तूही आपली करा. आज संध्याकाळी मोठ्या माणसांना सोबत घेऊन गच्चीवर जा. सूर्य कुठे मावळतो ते पाहा. नदी कोणत्या बाजूला आहे आणि कोणता डोंगर दिसतो ते पाहा. मग एका कागदावर आधी या मोठ्या खुणा काढा आणि सर्वांत शेवटी आपले घर. तो कागद उद्या वर्गात घेऊन या. ज्याचे घर नकाशात बरोबर जागी असेल, तो आपल्या विमानाचा पहिला वैमानिक होईल.