गाडीच्या पोटाखालचा वारा

कोल्हापूरला गाड्यांचं वेड जुनं आहे. कावळा नाक्यावर एखादी स्पोर्ट्स कार थांबली की मागच्या बंपरखाली उभ्या पात्यांचा काळा तुकडा दिसतो. तो डिफ्युझर.

गाडीच्या तळाखालच्या फटीतून हवा वेगाने सरकते, तिथला दाब उतरतो आणि गाडी रस्त्याला धरून राहते. डिफ्युझर त्या हवेला हळूहळू रुंदावणारी वाट देतो, म्हणून पुढची हवा आणखी जोरात ओढली जाते. या वाटेचा चढ फार उभा केला, तर हवा पृष्ठभाग सोडते आणि नुसते भोवरे उरतात. १९७८ साली मारिओ आंद्रेट्टी ‘लोटस ७९’मधून फॉर्म्युला वन शर्यतींचा जगज्जेता झाला, ती गाडी तळाखालच्या याच ओढीवर धावायची.

पण हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १८० किलोमीटरला जितका, त्याचा नववा हिस्सा ६० ला. त्यातून तळाशी सायलेन्सर, टाकी उघडी असली की हवा मागे पोचण्याआधीच विस्कटते. म्हणून डिफ्युझर बसवण्याआधी तळ झाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी बसवायचाच, तर चिकटपट्टीवर विसंबू नका, बोल्ट मारा. सायलेन्सरपासून अंतर ठेवा. मग खालच्या कडेला खडू घासा, दोघं बसून गतिरोधकावरून सावकाश जा. खडू पुसला गेला, तर तुकडा वर घ्यायला हवा.