युद्धकाळातला भात

कुरे हे हिरोशिमापासून साधारण २० किलोमीटरवरचं आरमारी बंदर. ‘यामातो’ ही जपानची अजस्र युद्धनौका तिथल्याच गोदीत बांधली गेली. १९४४ साली सुझू नावाची मुलगी लग्न होऊन या गावात येते आणि बघता बघता शिधा इतका आटतो की तिला रानोमाळ पालाभाजी शोधत हिंडावं लागतं. एकदा ती तांदूळ पुरवठ्याला आणायचा एक जुना उपाय करून बघते. तांदूळ आधी चांगले भाजायचे, भरपूर पाण्यात भिजत ठेवायचे आणि मग शिजवायचे. भात टम्म फुगतो, भांडं भरलेलं दिसतं. सासरची माणसं पानावर बसतात, पहिला घास घेतात आणि सगळ्यांचे चेहरे पडतात.

फुमियो कोनो यांच्या ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ या मांगातला, म्हणजे जपानी चित्रकथेतला, हा प्रसंग. मालिका २००७ ते २००९ या काळात जपानी नियतकालिकात येत होती. कोनो यांचा जन्म १९६८ चा, हिरोशिमाचा. म्हणजे युद्ध त्यांनी पाहिलेलं नाही. तरीही युद्धातलं स्वयंपाकघर त्यांनी ज्या बारकाईनं उभं केलं आहे, ते वाचताना थक्क व्हायला होतं. कोणती पाने खुडायची, कशात काय मिसळायचं, किती पाणी घालायचं, हे सगळं चौकटीचौकटींतून येतं.

यंदा जपानचे तीन मांगाकार, एक जपानी कादंबरी आणि आपल्याकडची एक चित्रकथा अशी पुस्तकं लागोपाठ वाचून झाली. सगळी इतिहास सांगणारी. सेनापती, तह, तारखा त्यांत आहेत, पण कडेकडेनं. मधोमध आहेत ती खायला काय आहे, पाणी कोण देईल, असे प्रश्न पडलेली माणसं. माझं मत असं झालं आहे की इतिहास पोटापासून सांगायला घेतला की त्यात खोटेपणाला फार थोडी जागा उरते.

सुझूचं थोडं आणखी सांगायला हवं. तिला चित्रं काढायचा नाद आहे. एकदा ती बंदरातल्या जहाजांचं रेखाटन करत बसते आणि लष्करी पोलीस तिला हेर समजून घरी येऊन दम देतात. ते गेल्यावर घरचे हसून हसून बेजार होतात, कारण इतक्या वेंधळ्या मुलीला हेर समजणाऱ्यांची कमालच म्हणायची. १९४५ च्या जूनमध्ये मात्र बॉम्बहल्ल्यानंतर मागे राहिलेला, उशिरा फुटणारा बॉम्ब तिच्या शेजारी फुटतो. तिच्या हाताला धरून चाललेली नणंदेची छोटी मुलगी हारुमी जागीच जाते आणि सुझूचा उजवा हात जातो, चित्रं काढायचा हात. त्यानंतरच्या पानांवरची घरं, झाडं, डोंगर वेडेवाकडे व्हायला लागतात, रेषा थरथरते. कोनो यांनी ही पार्श्वभूमी स्वतःच्या डाव्या हातानं काढली आहे. सुझूला जग आता कसं दिसतं, हे सांगायला त्यांनी एकही वाक्य खर्चलेलं नाही. कादंबरीकाराला या जागी परिच्छेदच्या परिच्छेद लिहावे लागले असते आणि तरी ते असं अंगावर आलं नसतं.

सुनाओ काताबुची यांनी २०१६ साली यावर केलेला अॅनिमेशनपट गाजला आणि तो सुंदर आहेच. पण दोन्हींत एक फरक आहे. सम्राटाचं शरणागतीचं भाषण रेडिओवर ऐकल्यावर सुझू संतापानं बाहेर धावते आणि जमिनीवर कोसळून रडते. मांगात त्या क्षणी गावात कोरियाचा झेंडा वर चढलेला दिसतो आणि तिला उमगतं की आपण दुसऱ्यांना बळानं दाबलं होतं, म्हणून आता बळापुढे झुकावं लागतंय. चित्रपटात तिच्या मनात येतं ते समुद्रापलीकडून आलेल्या तांदळाचं आणि सोयाबीनचं, ज्यावर तिचा पिंड पोसला. काहींना हा बदल सौम्य वाटला. मला चित्रपटाची ही जागा जास्त आवडली. जिनं आयुष्यभर चूल सांभाळली तिला साम्राज्य म्हणजे काय ते तांदळातूनच कळणार. मांगातला झेंडा तिथं लेखिकेनं आणून लावल्यासारखा वाटतो.

केइजी नाकाझावा यांचा ‘बेअरफूट गेन’ याच्या अगदी उलट्या स्वभावाचा. कोनो कुजबुजतात, नाकाझावा ओरडतात. त्यांना तो हक्क आहे. १९३९ साली जन्मलेला हा मुलगा ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी शाळेच्या भिंतीआड होता म्हणून वाचला. वडील, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली अडकून जळाले. आईला त्याच दिवशी मुलगी झाली, ती फार जगली नाही. घरच्यांचा शेवट नाकाझावांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तो आईकडून ऐकलेला होता. मांगात मात्र छोटा गेन तिथं हजर आहे, तुळई उचलायचा प्रयत्न करतो आहे. ऐकलेलं दुःख चित्रात आणताना त्यांनी स्वतःला तिथं उभं केलं. मला ही या पुस्तकातली सगळ्यांत धाडसी गोष्ट वाटते.

१९६६ मध्ये आई गेली. दहनानंतर राखेत हाडं जवळजवळ उरलीच नव्हती; किरणोत्सारानं ती पोखरली होती, असं नाकाझावांचं म्हणणं. जपानी रीतीत दहनानंतर अस्थी वेचणं हा फार मोठा विधी. तोवर अणुबॉम्बचा विषय टाळणाऱ्या या चित्रकारानं त्यानंतर तोच विषय धरला. १९७३ मध्ये मुलांच्या ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात गेन सुरू झाला, पुढे इतर नियतकालिकांतून चालत राहिला आणि त्याचे दहा खंड झाले.

पहिला खंड मी दोनदा वाचला, आणि बॉम्बच्या पानांपेक्षा जास्त रुतला तो आधीचा भाग. वडील युद्धविरोधी म्हणून तुरुंगात जातात आणि शेजारीपाजारी या कुटुंबाला देशद्रोही ठरवतात. घरात खायला नाही. रताळ्याच्या तुकड्यावरून भावाभावांची मारामारी होते, तीही अशी की बघताना आधी हसू येतं आणि मग पोटात कालवतं. या घराला माणुसकीनं वागवतो तो शेजारचा पाक नावाचा कोरियन. पुढचे खंड मात्र सैल आहेत. गेन सतत ठोसे मारतो, गाणी गातो, भाषणं करतो. मुलांच्या साप्ताहिकाची ती गरज असेल, पण सातव्या-आठव्या खंडापर्यंत दमायला होतं.

तरी हे पुस्तक मुलांपासून दूर ठेवावं असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी मुळीच सहमत नाही. २०१२ मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळानं ते शाळेच्या वाचनालयांत मुलांना सहज मिळू नये असं सांगितलं. २०१३ मध्ये गवगवा झाला आणि निर्णय मागे घेतला गेला. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमानं आपल्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून गेन काढला. नाकाझावा २०१२ च्या डिसेंबरात वारले, त्यामुळे यातलं बरंचसं बघायला ते नव्हते. मराठी वाचकांसाठी आवर्जून सांगते: तोमोको किकुची यांनी गेन हिंदीत आणला आहे. आपल्याला हिंदी वाचता येतं, तेव्हा इंग्रजीतूनच वाचायची सक्ती नाही.

मांगांच्या मधोमध मासुजी इबुसे यांची ‘ब्लॅक रेन’ ही कादंबरी वाचली. १९६५-६६ मध्ये ती मासिकातून क्रमशः आली. ही कथा मराठी घरातली असावी इतकी ओळखीची आहे. शिगेमात्सु यांची भाची यासुको लग्नाची आहे. स्थळं येतात आणि परत जातात, कारण बॉम्ब पडला तेव्हा ती हिरोशिमात होती अशी गावात बोलवा. मग मामा ठरवतो की तिची रोजनिशी उतरवून काढायची आणि मध्यस्थाला दाखवायची, म्हणजे शंकाच नको. उतरवताना तो थबकतो. रोजनिशीत काळ्या पावसाचे थेंब अंगावर पडल्याची नोंद आहे. ती गाळायची की ठेवायची? अख्ख्या कादंबरीचा ताण या एका प्रश्नात आहे. अणुयुद्धावर इतक्या हळू आवाजात लिहिलेलं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

आणि इथंही स्वयंपाकघर आहेच. शिगेमात्सु बायकोला सांगतो की युद्धात आपण काय खात होतो ते तू लिहून काढ. ती लिहिते, आणि कादंबरीच्या मध्येच शिधा, रानभाज्या, काय मिळालं आणि काय नाही, याचा साधासरळ तपशील येतो. इबुसे यांनी खऱ्या रोजनिशीचा आधार घेतला होता, त्यामुळे हा तपशील कुठंही रचलेला वाटत नाही. चित्र नसताना जे करता येतं ते इबुसे करतात: माणसाला स्वतःच्याच नोंदींपुढे बसवतात.

शिगेरु मिझुकी यांच्यावर सगळ्यांत जास्त लिहावंसं वाटतं. १९२२ चा जन्म, साकाइमिनातो या बंदरात गेलेलं बालपण. भुताखेतांच्या गोष्टींमुळे ते जपानभर लाडके झाले. सक्तीच्या सैन्यभरतीत हा माणूस न्यू ब्रिटन बेटावर राबाउलला गेला. एका पहाटे पहाऱ्यावर असताना दुर्बिणीतून पोपट बघत राहिला आणि तेवढ्यात तुकडीवर हल्ला झाला. बाकीचे मारले गेले. हा समुद्रात उडी टाकून, जंगल तुडवत तळावर पोचला, तर वरिष्ठांनी विचारलं की सगळे मेले असताना तू कसा जिवंत? पुढे मलेरियानं अंथरुणाला खिळलेला असताना हवाई हल्ल्यात डावा हात गेला. जवळच्या तोलाई लोकांनी त्याला खाऊपिऊ घातलं, आपलं मानलं. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी मिझुकी त्यांना भेटायला परत गेले.

‘ऑनवर्ड टोवर्ड्स अवर नोबल डेथ्स’ (१९७३) हे त्यांचं पुस्तक मी सगळ्यांत वर ठेवीन. एका तुकडीला मरेपर्यंत लढायचा हुकूम मिळतो. काही जण वाचतात, पण वर कळवलेलं असतं की सगळे वीरमरण पावले. मग वाचलेल्यांना पुन्हा मरायला पाठवलं जातं. त्यातला एक मृत्यू विसरता येत नाही. शिपाई हातबॉम्ब टाकून मासे मारतात, एक जण हातातले मासे सांभाळताना एक मासा दातांत धरतो, तो घशात सरकतो आणि गुदमरून मरतो. भुकेल्या माणसाचा माशानं घेतलेला जीव. घरच्यांना तोही रणात पडला असंच कळणार.

मिझुकींची रीत पहिल्यांदा बुचकळ्यात टाकते. माणसं वाटोळ्या नाकांची, दोन रेघांत काढलेली. मागचं जंगल, जहाजं, प्रेतं मात्र छायाचित्रावरून उतरवलेली, पानन् पान कोरलेलं. शेवटी प्रेतांच्या पानांवर गमतीदार चेहरे उरतच नाहीत. १९८८-८९ मध्ये आलेल्या ‘शोवा’ या प्रदीर्घ इतिहासात हीच रीत त्यांनी देशाच्या सहा दशकांना लावली. मंत्रिमंडळं, बंडं, चीनवरची चढाई आणि मधूनच खादाड पोरगा शिगेरु. मंत्रिमंडळांची पानं रूक्ष आहेत, नावं लक्षात राहत नाहीत. ती चाळली तरी चालतील. शिगेरु आला की पान जिवंत होतं.

आपल्याकडची चित्रकथा म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरची ‘भीमायन’. २०११ मध्ये ‘नवयान’नं काढलेलं हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी रंगवलं आहे, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. पाणी, निवारा, प्रवास असे त्याचे भाग आहेत. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली लहान भावंडं मसूर स्टेशनावर उतरतात आणि रात्रभराच्या बैलगाडीच्या प्रवासात त्यांना प्यायला पाणी मिळत नाही. जवळ खायचं आहे, पण पाण्यावाचून घास उतरत नाही. तिथून महाडच्या चवदार तळ्यापर्यंत, १९२७ पर्यंत, पुस्तक एका धाग्यात नेतं.

व्याम दांपत्यानं चौकटी नाकारल्या. माणसांना डांबायचं नाही, असा त्यांचा आग्रह. त्याऐवजी दिग्ना या भित्तिचित्रांतल्या नक्षीच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. बोलण्याचे फुगेही दोन जातींचे: भल्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात, विषारी बोलणं विंचवाच्या नांगीसह. अक्षरं वाचण्याआधीच नांगी दिसते आणि अंगावर काटा येतो. या पुस्तकाबद्दल माझी एकच तक्रार आहे. बसस्टॉपवर आजच्या काळातली दोन माणसं आरक्षणावर वाद घालतात आणि त्या निमित्तानं कथा सांगितली जाते, तो भाग शाळेतल्या संवादासारखा झाला आहे. तहानलेल्या मुलांच्या चित्रांना त्याची गरज नव्हती.

एवढं सगळं वाचल्यावर मला मराठीत हवं आहे ते १९७२ च्या दुष्काळाचं असं पुस्तक. खडी फोडायच्या कामावरची बाई, रेशनवरचा तांबडा मिलो, शाळेत वाटली जाणारी सुकडी, आटलेली विहीर. सुकडी खाल्लेली मुलं आज साठीच्या आगेमागे आहेत, त्यांच्या आया थोड्या उरल्या आहेत. चवी, मापं, रांगेतली भांडणं अजून विचारून घेता येतील. आमच्याकडे चांगले चित्रकार आहेत आणि दिवाळी अंकांत पानंही आहेत. कुणी संपादकानं पुढच्या वर्षासाठी निदान सोळा पानं बाजूला काढावीत.