जर्मन घड्याळ आणि आपले अडीच

परकी भाषा इंग्रजीच्या दारातूनच शिकावयाची, असा आपल्याकडे समज आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. तेव्हा नांदेड-लातूरच्या तरुणालाही उद्या या भाषेची गरज पडेल. त्याने हा समज तपासून पाहावा.

जर्मन माणूस वेळ सांगताना ‘हाल्प द्राय’ म्हणतो. ‘हाल्प’ म्हणजे अर्धा, ‘द्राय’ म्हणजे तीन. इंग्रजीच्या सवयीने जो याला साडेतीन समजेल, त्याची गाडी तासापूर्वीच गेलेली असेल. कारण ही वेळ अडीचची! आपल्या ‘अडीच’चे मूळ संस्कृत ‘अर्धतृतीय’, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. दोन पुरे झाले, तिसऱ्यातले अर्धे झाले, हिशेब तोच. फरक एवढाच की मराठी पुढे ‘साडे’ची वाट धरते आणि जर्मन घड्याळ बाराही तास ही एकच रीत चालविते.

संख्यांचेही तसेच. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, वीस मागून. जर्मनही ‘पाच आणि वीस’ असेच म्हणतो. लिंगेही दोन्हीकडे तीन. आपले लेकरू नपुंसकलिंगी, त्यांचे ‘किंट’ही नपुंसकलिंगीच. अर्थात हे साम्य शब्दागणिक ताणू नये, कारण तिकडे सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी!

म्हणून जर्मन शिकणाऱ्याने आपली मराठी उंबऱ्याबाहेर ठेवू नये. पहिल्या पाठात तीच अधिक उपयोगी पडेल.