पीस : एका हलक्या शब्दाची ओळख

आपल्या बीड जिल्ह्यांत, पाटोदा तालुक्यांत, नायगांव येथें मोरांसाठीं राखलेलें अभयारण्य आहे. तें सन 1994 मध्यें जाहीर झालें. पावसाळा सरूं लागला कीं मोराचीं लांब पिसें आपोआप गळतात. त्या निमित्तानें ‘पीस’ या शब्दाचा थोडा विचार करूं.

‘पीस’ हा शब्द संस्कृत ‘पिच्छ’ या शब्दापासून आला. पीस आणि पंख हे एक नव्हेत. पंख हा उडण्याचा अवयव. पीस हें पक्ष्याच्या सर्वांगाचें आच्छादन. मोराच्या लांब पिसांचा समूह तो पिसारा. पिसाऱ्यासच पुष्कळ लोक शेपूट समजतात. परंतु खरें शेपूट आखूड असून पिसाऱ्याखालीं दडलेलें असतें, व पिसारा उभारला असतां तेंच त्यास मागून आधार देतें.

पिसाचे उपयोग अनेक आहेत. वासुदेवाची उंच टोपी मोरपिसांची. देवावर ढाळावयाचें मोरचेलही त्यांचेंच. दिगंबर जैन मुनि मोरपिसांची पिच्छी बाळगतात. बसण्यापूर्वी तिनें जागा हळुवार झाडली म्हणजे बारीक जीव चिरडत नाहींत. युरोपांत शेंकडों वर्षें पिसाच्या लेखणीनें लिहीत. लॅटिन भाषेंत पिसास ‘पेन्ना’ म्हणतात. त्यावरूनच आपल्या खिशांतील ‘पेन’ हें नांव आलें.

भाषेंतही पीस चोहोंकडे उडालें आहे. फारसी ‘पर’ म्हणजे पीसच. म्हणून क्षुल्लक गोष्ट फुगवून सांगणें म्हणजे ‘पराचा कावळा करणें’. एखाद्यावर कठोर टीका करणें म्हणजे त्याचीं ‘पिसें काढणें’. मात्र ‘खेळाचें पिसें लागणें’ यांतील पिसें म्हणजे वेड, आणि ‘पत्ते पिसणें’ हें क्रियापदही निराळें. उच्चार सारखा म्हणून अर्थही एकच असें मानूं नये.

गळलेलें पीस आणि उपटलेलें पीस दिसावयास सारखेंच. पण एकामागें ऋतु असतो, दुसऱ्यामागें पक्ष्याची वेदना. मोर सन 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, व सन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याच्या शिकारीस बंदी आहे. म्हणून बाजारांत मोरपीस घेण्यापूर्वी तें कोठून आलें हें विचारावें. आणि अभयारण्यांत एखादें पडलेलें दिसलें, तर तें डोळे भरून पाहून तेथेंच राहूं द्यावें.